भेटकार्ड : दुकानदाराला दिलेली बिनव्याजी उचल

कोल्हापूर परिसरातील कोणत्याही लग्नमंडपात एका कडेला टेबल टाकून घरचा एखादा विश्वासू माणूस वही घेऊन बसलेला दिसतो. पाकीट उघडायचे, रक्कम मोजायची, आणि नाव, गाव व आकडा लिहून घ्यायचा, एवढेच त्याचे काम. एकशे एक, पाचशे एक, एक हजार एक असे आकडे एकाखाली एक उतरत जातात. पुढे पाच-दहा वर्षांनी आहेर करणाऱ्याच्या घरी कार्य निघाले की हीच वही कपाटातून बाहेर येते आणि परतफेडीचा आकडा तिच्यावरून ठरतो. भेटीमागे परतफेडीचे बंधन असते, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात नाना समाजांच्या उदाहरणांनी सिद्ध केले. मंडपातील वहीवाल्याला ते मॉस न वाचताच ठाऊक असते.

आता कधीकधी या पाकिटातून नोट निघत नाही. एखाद्या कपड्याच्या, दागिन्यांच्या किंवा घरगुती वस्तूंच्या दुकानाचे रंगीत प्लास्टिकचे कार्ड निघते. वर ‘रुपये १०००’ असे छापलेले, आणि मागे बारीक अक्षरांत आठ-दहा अटी. क्वचित कार्डही नसते. मोबाईलवर आलेला सोळा आकड्यांचा एक क्रमांक तेवढा असतो. अशा वेळी वहीवाल्याचा हात थबकतो. आकडा काय लिहायचा? छापलेले हजार लिहावेत, तर त्या हजारात मीठ-मिरचीही घेता येणार नाही. कमी लिहावेत, तर देणाऱ्याचा अपमान. वरवर क्षुल्लक भासणारा हा पेच वस्तुतः अर्थशास्त्राचा आहे. भेटकार्डाची खरी किंमत किती, आणि ती कोणाच्या पदरात पडते, याचा विचार देणाऱ्याने व घेणाऱ्याने करण्याची वेळ आली आहे.

उचल कोणी कोणाला दिली?

भेटकार्ड विकत घेणारा मनुष्य दुकानदाराला आज रोख पैसे देतो. त्या बदल्यात दुकानदार पुढे केव्हातरी माल देण्याचे वचन देतो. माल हाती नाही, पैसा मात्र गेला. व्यापाराच्या साध्या भाषेत याला उधारी म्हणतात. तीही ग्राहकाने दुकानदाराला दिलेली उधारी. कार्ड हा त्या उधारीचा कागद असतो, आणि देणारा तो कागद सुंदर पाकिटात घालून तिसऱ्याच्या हाती ठेवतो. म्हणजे भेट मिळालेला मनुष्य नकळत दुकानदाराचा धनको बनतो. धनकोला व्याज मिळावे, तारण मिळावे, निदान मुदतीनंतर मुद्दल तरी परत मिळावे, अशी जगाची रीत आहे. येथे व्याज नाही, तारण नाही. आणि मुदत संपल्यावर बहुधा बुडतो तो धनकोच.

कोल्हापूर जिल्ह्याला उचल हा शब्द नव्याने शिकवायला नको. उसाची पहिली उचल किती मिळणार यावरून दर हंगामाला येथे रान पेटते. ऊस गाळपास गेल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे द्यावेत आणि विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के दराने व्याज द्यावे, असे बंधन १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने कारखान्यांवर घातले. एकरकमी दरासाठी महामार्गावर बसणारा शेतकरी या १४ दिवसांचा हिशेब बोटांवर ठेवतो. त्याच शेतकऱ्याच्या घरातून दिवाळीला भाचीसाठी घेतलेले हजार रुपयांचे कार्ड मात्र आठ-आठ महिने कपाटात पडून राहते, आणि त्या काळातल्या व्याजाचा विचार कोणाच्याही मनाला शिवत नाही. वर्षाला ७ टक्के दर धरला तर हजार रुपयांवर आठ महिन्यांचे व्याज ४७ रुपयांच्या आसपास होते. एका घराला ही रक्कम नगण्य आहे हे खरे. परंतु अशी हजार कार्डे विकणाऱ्या दुकानाला दहा लाख रुपयांचे भांडवल बिनव्याजी वापरायला मिळते, आणि बँकेकडून तेच कर्ज काढताना जे व्याज, जे तारण व जे कागदपत्र द्यावे लागले असते, ते सारे वाचते.

धोका याहून मोठा आहे. दुकान चालू आहे तोवर कार्ड चालते. दुकान बसले की कार्डाची रद्दी होते. ब्रिटनमधील एच.एम.व्ही. ही संगीत विकणाऱ्या दुकानांची जुनी साखळी जानेवारी २०१३ मध्ये आर्थिक संकटात सापडून प्रशासकांच्या ताब्यात गेली, तेव्हा नुकत्याच झालेल्या नाताळात लोकांनी घेतलेली कार्डे स्वीकारण्यास प्रथम नकार देण्यात आला. लोकक्षोभ उसळल्यावर आठवड्याभराने तो निर्णय फिरवला गेला. प्रत्येक वेळी असा सुखान्त होतोच असे नाही. आपल्याकडे ‘बिग बझार’ ही घराघरांत पोहोचलेली दुकाने चालवणाऱ्या फ्यूचर रिटेलविरुद्ध जुलै २०२२ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि जुलै २०२४ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश निघाला. इतकी मोठी पेढी बसू शकते, तर कोणाचीही बसू शकते. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार बुडालेल्या कंपनीच्या मालमत्तेवर पहिला हक्क असतो तो प्रक्रियेच्या खर्चाचा, मग कामगारांच्या देण्यांचा व तारण घेतलेल्या बँकांचा. हजार रुपयांचे कार्ड घेऊन उभा असलेला ग्राहक या रांगेत पार मागे असतो. बँकेतील ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. दुकानाच्या कार्डाला तेवढेही नसते.

छापील किमतीची गळती

दुकान सुस्थितीत असले तरी कार्डावरचे हजार रुपये ग्राहकाच्या हाती पूर्ण हजार म्हणून क्वचितच पडतात. हजाराचे कार्ड घेऊन दुकानात गेलेल्या मनुष्याला ८६० रुपयांचा सदरा पसंत पडला, तर १४० रुपये कार्डात उरतात. त्या १४० रुपयांत त्या दुकानात काही येत नाही, आणि उरलेले पैसे रोख देण्याची पद्धत नाही. १३४० रुपयांचा सदरा पसंत पडला, तर ३४० रुपये त्याने खिशातून घालायचे. पहिल्या प्रकारात दुकानाला माल न देता पैसे मिळाले. दुसऱ्यात एरवी न झालेली विक्री झाली. दोन्ही फासे दुकानदाराच्या बाजूने पडतात. त्यात एका बिलाला एकच कार्ड, सवलतीच्या मालावर कार्ड चालणार नाही, सोन्याच्या नाण्यावर चालणार नाही, अमुक शाखेतच चालेल, अशा अटी पडल्या की हजाराचे मूल्य आणखी घटते.

कित्येक कार्डे तर वटवलीच जात नाहीत. ती हरवतात, विसरली जातात, मुलांच्या खेळण्यांत जातात, किंवा जुन्या मोबाईलबरोबर त्यांचा क्रमांकही नाहीसा होतो. हा योगायोगाचा लाभ नव्हे. व्यापारी हिशेबात तो आधीच धरलेला असतो. एकूण विकलेल्या कार्डांपैकी किती वटणार नाहीत याचा अंदाज अनुभवावरून बांधता येत असेल, तर तेवढी रक्कम टप्प्याटप्प्याने उत्पन्न म्हणून दाखवण्याची मुभा एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या भारतीय लेखामानक ११५ ने कंपन्यांना दिली आहे. अशा न वटलेल्या रकमेवर वस्तू व सेवा कर लागू होत नाही, असा खुलासाही अप्रत्यक्ष करांच्या केंद्रीय मंडळाने ३१ डिसेंबर २०२४ रोजी परिपत्रकाने केला. माल दिला नाही, सेवा दिली नाही, म्हणून कर नाही, हे तर्काला धरूनच आहे. परंतु त्याच तर्काने पुढचा प्रश्न विचारला पाहिजे : माल दिला नाही, सेवा दिली नाही, तर ते पैसे ठेवून घेण्याचा अधिकार तरी कशाचा?

संरक्षण कोणत्या कार्डाला?

या ठिकाणी सर्व कार्डे सारखी नाहीत ही गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे, आणि खरेदी करणाऱ्यांपैकी फारच थोडे ती ध्यानात घेतात. काही भेटकार्डे बँका किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी मिळालेल्या संस्था काढतात. ती अनेक दुकानांत चालतात. काही कार्डे एखादे दुकान केवळ आपल्याच मालासाठी काढते. पहिल्या प्रकारावर २००७ च्या देयक व तडजोड प्रणाली कायद्याखाली रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. दुसऱ्या प्रकाराला, म्हणजे ज्या दुकानाचे कार्ड त्याच दुकानात वटते त्याला, रिझर्व्ह बँकेच्या परवानगीची आवश्यकताच नसते.

हा भेद कागदोपत्री बारीक वाटला तरी त्याचे परिणाम मोठे आहेत. रिझर्व्ह बँकेने २७ ऑगस्ट २०२१ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार भेटकार्डाची कमाल रक्कम १०,००० रुपये ठरवण्यात आली. त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि त्यातून रोख काढता येत नाही. मात्र कार्डधारकाच्या संमतीने रक्कम मूळ खात्याकडे परत पाठवता येते. कार्डाची मुदत किमान एक वर्ष असली पाहिजे. मुदत संपण्यापूर्वीच्या ४५ दिवसांत कार्डधारकाला तशी सूचना दिली पाहिजे. मुदत संपल्यावरही बिगरबँक संस्थेला शिल्लक रक्कम निदान तीन वर्षे आपल्या नफ्यात ओढता येत नाही, आणि धारकाने मागणी केल्यास ती त्याच्या बँक खात्यात परत करावी लागते. शिवाय अशा बिगरबँक संस्थांनी लोकांचे पैसे बँकेतील स्वतंत्र खात्यात ठेवायचे असतात. धंद्यात फिरवायचे नसतात. ‘मुदत संपली, पैसे गेले’ असे ऐकून मुकाट्याने परतणाऱ्या किती ग्राहकांना या तरतुदी ठाऊक आहेत?

दुकानाच्या स्वतःच्या कार्डाला यांपैकी एकही तरतूद लागू नाही. सहा महिन्यांची मुदत, सूचना नाही, परतावा नाही, असे कार्ड दुकान खुशाल काढू शकते. आणि दिवाळीत व लग्नसराईत अशाच कार्डांच्या जाहिराती सर्वांत झगझगीत असतात. अन्य देशांनी ही फट बुजवली आहे. अमेरिकेने २००९ च्या कायद्याने भेटकार्डातील रक्कम पाच वर्षांच्या आत संपुष्टात येता कामा नये असे ठरवले. ऑस्ट्रेलियाने १ नोव्हेंबर २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या कार्डांना किमान तीन वर्षांची मुदत सक्तीची केली. त्यामुळे तेथील दुकाने बंद पडली असे झाले नाही.

कार्डाची योग्य जागा

याचा अर्थ भेटकार्ड सर्वथा त्याज्य आहे असा कोणी काढू नये. अर्थशास्त्राने या विषयाची दुसरी बाजूही मांडली आहे. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली नाताळच्या भेटींसंबंधी एक निबंध प्रसिद्ध केला. घेणाऱ्याच्या दृष्टीने भेटवस्तूची किंमत तिच्या बाजारभावाहून सुमारे दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी असते, असा त्याचा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष पटण्यासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नाही. आपल्या घरातील माळ्यावरचे लेमन सेट, भिंतीवरची तीन-तीन घड्याळे आणि एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरणारी साडी यांनी तो केव्हाच सिद्ध केला आहे. देणाऱ्याला घेणाऱ्याची आवड, माप वा गरज ठाऊक नसते आणि त्यामुळे पैसा खर्च होऊनही समाधान निर्माण होत नाही. त्या तुलनेत निवडीचे थोडे स्वातंत्र्य देणारे कार्ड बरे. रोख रकमेत तर हे स्वातंत्र्य पूर्णच असते. परंतु प्रत्येक नात्यात रोख रक्कम शोभत नाही. निवृत्त होणाऱ्या शिक्षकाच्या हातावर विद्यार्थ्यांनी नोटा ठेवाव्यात हे कोणालाही रुचणार नाही. ग्रंथांच्या दुकानाचे कार्ड दिले तर त्यात आदर राहतो आणि निवडही राहते. पुण्याच्या वसतिगृहात राहणाऱ्या पुतणीला पुस्तकांसाठी किंवा नोकरीला लागलेल्या भाच्याला पहिल्या कपड्यांसाठी कार्ड पाठवणे हा त्याचा सयुक्तिक उपयोग होय. थोडक्यात, जेथे देणाऱ्याचा हेतू विशिष्ट आहे, घेणारा त्या दुकानात एरवीही जातो, आणि वस्तूची नेमकी निवड तेवढी त्याच्यावर सोपवायची आहे, तेथे कार्डाला स्थान आहे.

ज्या ठिकाणी यातील एकही अट पुरी होत नाही, तेथे कार्ड देणे म्हणजे देणाऱ्याने आपली डोकेदुखी घेणाऱ्याच्या गळ्यात बांधणे. परदेशी स्थायिक झालेला मुलगा वाढदिवसाला आईवडिलांच्या मोबाईलवर कार्डाचा क्रमांक पाठवतो. त्याच्या मनात माया असते. परंतु सत्तरी ओलांडलेल्या, राजारामपुरीत एकट्या राहणाऱ्या दांपत्याला तो क्रमांक कोठे घालायचा, कोणत्या दुकानात दाखवायचा हे उमगत नाही. शेजारच्या मुलाला विचारायला संकोच वाटतो, आणि मुलाला ‘जमले नाही’ असे सांगणेही जड जाते. मग ‘मिळाले हो, छान आहे’ एवढे उत्तर जाते, आणि मुदत उलटून जाते. त्याच रकमेची मनीऑर्डर वा बँकेतील जमा त्यांच्या औषधाला आली असती. भेट देण्यापूर्वी घेणाऱ्याच्या दिनक्रमाचा विचार करणे हा भेटीचाच भाग आहे.

कामगाराची दिवाळी

या प्रश्नाची सर्वांत गंभीर बाजू मालक व नोकर यांच्या व्यवहारात आढळते. दिवाळीला मिठाईचा पुडा आणि रोख बक्षीस देण्याऐवजी कामगारांना एकगठ्ठा भेटकार्डे वाटणे मालकाला सोयीचे असते. घाऊक खरेदीवर दुकान त्याला सूट देते, हिशेब सुटसुटीत राहतो, आणि आतबट्ट्याचे काही नसते. शिरोली, गोकुळ शिरगाव वा कागलच्या औद्योगिक वसाहतीत ओतकाम करणाऱ्या कामगाराच्या बाजूने मात्र हिशेब निराळा होतो. तो पन्हाळा, राधानगरी किंवा करवीर तालुक्यातल्या गावाहून येतो. त्याच्या घरी दिवाळीला हवे असते तेल, डाळ, रवा, साखर, मुलांचे कपडे. कार्ड मात्र चालते शहरातल्या एका काचेच्या दुकानात, जिथला सर्वांत स्वस्त सदरा त्याच्या गावच्या बाजारातील दोन सदऱ्यांच्या किमतीचा. शेवटी तो हजाराचे कार्ड कोणाला तरी आठशे-साडेआठशेला विकतो. मालकाने जे ९५० ला घेतले व हजार म्हणून दिले, त्याचे कामगाराला आठशे मिळाले. उरलेले कोणाच्या खिशात गेले हे सांगावयास नको.

इंग्लंडमधील गिरणीमालक एके काळी मजुरी नाण्यांत न देता आपल्याच दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्यांत देत. ही लूट थांबवण्यासाठी तेथील संसदेला १८३१ साली कायदा करावा लागला. भारतातही १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने मजुरी चलनातच दिली पाहिजे असा दंडक घातला. १९६५ च्या बोनस कायद्याने बोनस रोखीने द्यावा असे सांगितले, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेने तो कामगाराच्या बँक खात्यात जमा करण्यास फर्मावले आहे. तेव्हा कायदेशीर बोनसऐवजी कार्ड देणे हा सरळ कायद्याचा भंग होय, हे प्रत्येक कामगाराला माहीत असले पाहिजे. बोनसखेरीज खुशीने द्यावयाच्या बक्षिसाला हा नियम लागू नाही. परंतु जो दंडक कायद्याने मजुरीला लावला, तो सदसद्विवेकाने बक्षिसालाही लावण्यास कोणाची आडकाठी आहे? खरोखर खूश करावयाचे असेल, तर त्याच खात्यात आणखी हजार रुपये जमा करण्याइतका सोपा दुसरा मार्ग नाही.

भामट्यांचे आवडते चलन

कार्डावरचा क्रमांक व गुप्तांक ज्याच्या हाती पडतो त्याचे ते पैसे होतात. त्यामुळे भामट्यांनाही हे चलन फार आवडते. वरिष्ठ अधिकाऱ्याचे, प्राचार्याचे वा संचालकाचे छायाचित्र लावून मोबाईलवर निरोप येतो : ‘बैठकीत आहे, बोलू शकत नाही, पाहुण्यांसाठी तातडीने दहा हजारांची भेटकार्डे घेऊन क्रमांक कळवा.’ हुकूम पाळण्याची सवय असलेला कनिष्ठ कर्मचारी स्वतःच्या खिशातून कार्डे घेतो, क्रमांक कळवतो, आणि काही मिनिटांत पैसे नाहीसे होतात. बँकेतून पाठवलेल्या रकमेचा माग काढता येतो, क्वचित ती गोठवताही येते. वटवलेल्या कार्डाचा माग लागणे दुरापास्त. येथे एकच नियम सर्वांनी कायमचा मनावर कोरून ठेवावा. सरकारी कार्यालय, बँक, वीज मंडळ, पोलीस वा न्यायालय यांपैकी कोणीही दंड, थकबाकी किंवा शुल्क भेटकार्डाच्या रूपाने मागत नाही. जो मागतो तो भामटा. वरिष्ठाचा निरोप आल्यास त्याच्या नेहमीच्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करावी. खरा वरिष्ठ त्याबद्दल रागावणार नाही. फसवणूक झालीच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

दुकानात टांगलेले कार्ड घेतानाही सावधगिरी हवी. गुप्तांकावरचा खरवडण्याचा पट्टा आधीच खरवडलेला वा चिकटपट्टीने झाकलेला नाही ना हे पाहावे, आणि पावती मागून घेऊन ती कार्डाबरोबरच द्यावी. पावतीवर रक्कम दिसते म्हणून ती देण्यास अनेकांना संकोच वाटतो. परंतु कार्डावर रक्कम छापलेली असताना हा संकोच निरर्थक आहे.

घेण्यापूर्वी आणि घेतल्यावर

या सर्व विवेचनातून सुज्ञ ग्राहकाने घ्यावयाचा बोध अवघड नाही. कार्ड घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे कार्ड कोणाचे, दुकानाचे की रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालील संस्थेचे? याची मुदत किती, आणि मुदतीनंतर शिल्लक रकमेचे काय? ज्याला द्यायचे त्याच्या गावात, त्याच्या नित्याच्या वाटेवर हे चालते काय? तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर पाकिटात नोट घालावी. एका हजाराच्या कार्डाऐवजी पाचशेची दोन घेतल्यास घेणाऱ्याला दोन वेळा, दोन गरजांसाठी ती वापरता येतात. जे दुकान डबघाईला आल्याची कुजबुज आहे, ज्याची फळी अर्धी रिकामी दिसते, त्याचे कार्ड सवलतीत मिळाले तरी घेऊ नये. ती सवलत नसून धोक्याची किंमत असते.

कार्ड मिळालेल्यानेही ते देवघरात जपून ठेवू नये. मिळाल्या दिवशी मुदतीची तारीख दिनदर्शिकेवर लिहावी, क्रमांकाची नोंद स्वतःपाशी ठेवावी, आणि महिन्या-दोन महिन्यांत ते वटवून मोकळे व्हावे. शिल्लक थोडी उरली तर ती वापरण्यासाठी नको असलेली वस्तू घेऊ नये. घरच्या वाणसामानातील काही तेथे मिळत असेल तर त्यात ती जिरवावी. दुकानाने नियमबाह्य अडवणूक केली, तर गप्प बसण्याचे कारण नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. कार्ड बँकेने वा परवानाधारक संस्थेने काढलेले असल्यास, तिने दाद न दिल्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. शे-दोनशे रुपयांसाठी कोण भांडणार, हा विचार प्रत्येकाने केला म्हणूनच न वटलेल्या शे-दोनशेंचा डोंगर दुकानांच्या खतावणीत उभा राहतो.

परंतु सर्व भार एकट्या ग्राहकावर टाकणे न्यायाचे नाही. १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू झाली तेव्हा तिने हेच सांगितले, की एकटा ग्राहक कितीही शहाणा असला तरी संघटित विक्रेत्यापुढे तो दुबळाच असतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रीतील फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्याच अधिकारात दुकानांच्या स्वतःच्या भेटकार्डांसाठीही तीन साधे नियम त्याला करता येतील : निदान तीन वर्षांची मुदत, ती मुदत रकमेइतक्याच ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती, आणि ठराविक मर्यादेखालील शिल्लक मागताच रोख परत. रिझर्व्ह बँक जे आपल्या परवानाधारकांकडून करवून घेते, ते रस्त्यावरच्या दुकानाला अशक्य आहे असे म्हणता येणार नाही.

स्थानिक व्यापाऱ्यांनीही या बाबतीत पुढाकार घेण्यासारखा आहे. महाद्वार रोड, गुजरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी येथील दुकानदार आपापले कार्ड काढत बसण्यापेक्षा एखाद्या बँकेच्या साह्याने शहरातील सर्व दुकानांत चालणारे एकच कार्ड काढू शकतील. स्कॉटलंडमध्ये स्थानिक दुकानांसाठी असे कार्ड २०२१ साली सुरू झाले. बँक मध्ये असल्याने रिझर्व्ह बँकेचे नियम आपोआप लागू होतील, ग्राहकाचा पैसा एका दुकानाच्या नशिबाशी बांधला जाणार नाही, आणि तो शहराच्या बाजारपेठेतच फिरेल. चपला, कपडे, पुस्तके, भांडी आणि किराणा या सर्वांना चालणारे कार्ड हे रोख रकमेच्या बरेच जवळ येते, आणि कार्डाची किंमत शेवटी त्यावरच ठरते.

तोवर मंडपातल्या वहीवाल्याने काय लिहावे? त्याने देणाऱ्याचे नाव लिहावे, छापलेला आकडा लिहावा आणि त्याच ओळीत मुदतीची तारीख लिहावी. मग ते कार्ड यजमानाच्या पेटीत न टाकता त्याच दिवशी नवदांपत्याच्या हाती द्यावे, आणि महिन्याच्या आत वटवण्यास बजावावे. नाहीतर वर्षभराने वहीतील हजार रुपये यजमानाच्या अंगावर परतफेडीचे देणे म्हणून उभे राहतील, आणि ते मिळालेले असतील मात्र दुकानदाराला.